गरम पाणी नेमकं अडतं कुठे?

रेडिंग (इंग्लंड), १८ जानेवारी

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आमच्या इथल्या बॉयलरबद्दल तुम्ही विचारलंत, "बॉयलर चालू आहे, रेडिएटर तापतायत, मग नळालाच गार पाणी कसं?" प्रश्न अगदी नेमका होता. त्याचं उत्तर फोनवर तुकड्या-तुकड्यांत देण्यापेक्षा सविस्तर लिहावं म्हटलं. यातला काही भाग आपल्या कोथरूडच्या गॅस गीझरलाही लागू पडतो. तो शेवटी लिहिला आहे, आणि तो आईलाही वाचून दाखवा.

इथे स्वयंपाकघरात भिंतीवर एक पेटी असते, कॉम्बी बॉयलर. गरम पाण्याची टाकी नाही, साठवण नाही. एकच बर्नर खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटर तापवतो आणि नळाचं पाणीही. पण बर्नर ज्या पाण्याला तापवतो ते बंद पाइपांत तेच ते फिरत असतं, आपण ते कधी वापरत नाही. आपण गरम नळ उघडला की आत एक छोटी चक्री फिरते आणि बॉयलरला कळतं की पाणी हवंय. मग डायव्हर्टर नावाचा व्हॉल्व्ह ते तापलेलं पाणी रेडिएटरकडून काढून स्टीलच्या पातळ पत्र्यांच्या एका गठ्ठ्याकडे वळवतो. त्या पत्र्यांमधल्या फटींतून एकाआड एक, एका बाजूने तापलेलं पाणी जातं आणि दुसऱ्या बाजूने नळाचं. दोन्ही मिसळत नाहीत, फक्त उष्णता पलीकडे जाते.

एवढं समजलं की तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. रेडिएटर तापतायत म्हणजे गॅस येतोय, बर्नर पेटतोय, पंप फिरतोय आणि बंद पाइपांतला दाबही पुरेसा आहे. उरतात चारच संशयित: चक्री, डायव्हर्टर, तो पत्र्यांचा गठ्ठा आणि पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर. म्हणून काय बिघडलंय हे शोधण्याआधी काय ठीक चाललंय ते बघायचं. तुम्ही कारखान्यात हेच करायचात, बाबा.

आमच्याकडे पाणी आधी छान गरम यायचं, मग गार पडायचं, थोड्या वेळाने परत गरम. मी आधी सगळे नळ तपासले, कारण नुसत्या शॉवरलाच त्रास असेल तर दोष त्याच्या गरम-गार पाणी मिसळणाऱ्या मिक्सरमध्ये असू शकतो. स्वयंपाकघरातल्या नळालाही तेच होत होतं. मग नळ उघडा ठेवून बॉयलरच्या पडद्यावरचा आकडा बघत उभी राहिले. आकडा भराभर ८० च्या वर चढायचा, नळाला मात्र कोमट पाणी. मग बर्नर बंद, आकडा खाली, परत पेटायचा. म्हणजे आतलं पाणी उकळीजवळ पोचत होतं, पण ती उष्णता पलीकडे जातच नव्हती. त्यातून संशय थेट पत्र्यांवर आला. रेडिंगचं पाणी चुनखडीच्या थरांतून येतं, फार जड आहे. किटलीत बघता बघता पांढरा थर धरतो. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने बादल्यांना धरतो तसाच, खडकवासल्याच्या पाण्याने तसा धरत नाही. पत्र्यांवर तो थर बसला की उष्णतेची वाट बंद होते.

एका दुरुस्तीवाल्याने न बघताच फोनवर सर्किट बोर्ड बदलायला सांगितलं होतं. मला ते पटलं नाही. बर्नर वेळेवर पेटत होता आणि फार तापलं की वेळेवर बंदही होत होता, म्हणजे बोर्ड आपलं काम करत होता. दुसऱ्याला बोलावलं आणि जे दिसलं ते क्रमाने सांगितलं. त्याने पाइपांची तापमानं मोजली आणि पत्र्यांचा गठ्ठा बदलला. काढलेला गठ्ठा हातात घेऊन पाहिला, फटी जवळजवळ बुजलेल्या होत्या. बॉयलरचं झाकण मात्र मी कधी उघडलं नाही. इथे गॅसच्या उपकरणाचं काम गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसानेच करायचं असा कायदा आहे, आणि तो मला अगदी योग्य वाटतो.

वरच्या मजल्यावरच्या नागपूरच्या वहिनींकडे वेगळीच गंमत होती. उन्हाळ्यात हीटिंग बंद, आणि नुसता गरम नळ उघडला तरी रेडिएटर कोमट व्हायचे. तिथे डायव्हर्टर मध्येच अडकला होता, उष्णता दोन्हीकडे वाटली जात होती. आणि रेडिएटरही गार, नळही गार असेल तर आधी दाबाचा काटा बघायचा. यंत्र थंड असताना तो १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. कडक थंडीत बाहेर जाणारी पाण्याची बारीक नळी गोठूनही बॉयलर बंद पडतो. तिच्यावर कोमट पाणी ओतायचं, उकळतं नाही.

एक गोष्ट मात्र बिघाड नसतेच. २४ किलोवॅटचा बॉयलर मिनिटाला साधारण १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवतो. इथे जानेवारीत नळाला ५ अंशांचं पाणी येतं, म्हणजे ४० अंशांचं मिळतं. नळ याहून मोठा सोडला की कोमटच येणार. तुमच्या टाकीतलं पाणी १८-२० अंशांचं धरलं तर तेवढ्याच आगीत दीडपटीहून जास्त पाणी तापेल.

आता आपला गीझर. त्यावर ६ लिटर लिहिलंय ते मिनिटाला ६ लिटर, म्हणून दोन नळ एकदम उघडले की पाणी कोमट येतं. तो कधी कधी पेटत नाही म्हणालात, तर आधी टिकटिक ऐकू येते का बघा. येत नसेल तर सेल बदला. तरीही नाही आली तर पाण्याचा जोर कमी असणार. आपण सर्वांत वरच्या मजल्यावर, गच्चीवरची टाकी डोक्याजवळच, त्यामुळे जोर मुळातच कमी. शॉवरऐवजी सरळ बादलीच्या नळाने करून बघा. टिकटिक आहे पण पेटत नाही, तर सिलिंडर बघा.

पण त्याहून महत्त्वाचं सांगायचंय. इथला बॉयलर आगीसाठी हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेर सोडतो, खोलीच्या हवेशी त्याचा संबंध नसतो. आपला गीझर बाथरूममधलीच हवा वापरतो आणि धूर तिथेच सोडतो. जानेवारीत आई खिडकी बंद करून अंघोळ करते, हे आठवलं की मला झोप लागत नाही. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, आणि दार उघडण्याइतकीही शक्ती राहत नाही. ज्योत निळी न दिसता पिवळी दिसायला लागली तर गीझर लगेच बंद करा.

म्हणून तो बाथरूममधून काढून ड्राय बाल्कनीत उघड्या बाजूला लावून घ्या, तिथून पाइप आत आणता येतो. खर्च मी पाठवते. ते होईपर्यंत खिडकी उघडी ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा आणि मगच अंघोळीला जायचं. आई, तूही. प्लंबर कोणत्या दिवशी येतोय ते मला कळवा, मी त्या वेळी फोनवर असेन.

तुमची,
मनू