बाबा, गाडी पास झाली आहे

ती. आई आणि बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी पाठवलेला एमओटीच्या, म्हणजे गाडीच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीच्या, कागदाचा फोटो मिळाला. लाल पेनाच्या रेघांखालची अक्षरं मोठी करून वाचावी लागली. आई म्हणाली की त्या दिवसापासून गाडी दारातून हललेली नाही, आणि मेल्टन रोडवरची भाजीसुद्धा तुम्ही बसने जाऊन आणलीत. गुडघा दुखत असताना पिशव्या घेऊन बसने! फोनवर अर्धवट बोलून तुमच्या मनातलं जाणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. कागद शेजारी घेऊन बसा.

त्या कागदावर सगळ्यात वर ‘पास’ असं लिहिलेलं आहे. बाकीचं सगळं त्याच्यानंतर. इथे ब्रिटनमध्ये 20 मे 2018पासून दोषांचे तीन प्रकार केले आहेत : डेंजरस, मेजर आणि मायनर. पहिल्या दोन्हींपैकी एक जरी सापडला तरी गाडी नापास होते. मायनर असला तर गाडी पास होते, पण तो दोष आत्ता आहेच, तेव्हा लवकर दुरुस्त करून घ्या असं त्यांचं म्हणणं. ॲडव्हायझरी या तिन्हींमध्ये बसत नाही. तो भाग आज मर्यादेच्या आत आहे, पुढे बिघडू शकतो, नजर ठेवा, एवढाच तिचा अर्थ. बाबा, तुम्ही जन्मभर ऑडिट केलंत. हिशेब मंजूर करून खाली शेरे लिहायचात, तसे हे शेरे आहेत. शेरा आला म्हणून कंपनीला कुलूप लावा असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत.

आता गॅरेजवाल्याचा फोन. “या टायर-ब्रेकवर गाडी चालवणं धोक्याचं आहे” असं तो म्हणाला आणि लगेच चारी चाकांच्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड बदलायच्या खर्चाचा अंदाज पाठवला, याचा मला फार राग आला आहे. गाडी खरोखर धोक्याची असती तर त्याच गॅरेजच्या टेस्टरला ‘डेंजरस’ लिहून ती नापासच करावी लागली असती. एका हाताने पासचा कागद द्यायचा आणि दुसऱ्या हाताने घाबरवायचं, हे चालायचं नाही. गाडीच्या एमओटीसाठी जास्तीत जास्त 54.85 पौंड घेता येतात, पुष्कळ ठिकाणी त्याहून कमीत करतात, आणि मग कमाई दुरुस्तीतून होते. सगळेच फसवतात असं मी म्हणत नाही, चांगली माणसं भरपूर आहेत. पण पुढच्या वर्षी आपण कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, टेस्ट सेंटरचा विचार करू. बऱ्याच शहरांत कौन्सिल स्वतःच्या गाड्यांसाठी तपासणी केंद्र चालवते आणि तिथे बाहेरच्या लोकांच्याही गाड्या तपासतात. ते दुरुस्ती करत नाहीत, त्यामुळे काम निर्माण करण्यात त्यांना काही रस नसतो.

तुमच्या कागदावरचा एकुलता एक मायनर म्हणजे मागच्या नंबर प्लेटच्या दोन दिव्यांपैकी एक लागत नाही. बल्बचं काम आहे. शेजारच्या मुलाला सांगितलंत तर तो पाच मिनिटांत बदलून देईल.

ॲडव्हायझरीत मला दोनच गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या वाटतात. पहिली टायरची. ‘निअरसाइड फ्रंट’ म्हणजे फुटपाथच्या बाजूचं, डावीकडचं पुढचं चाक. नवीन टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते, आणि कायद्याने रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात, पूर्ण गोलाईभर, किमान 1.6 मिलिमीटर राहिलीच पाहिजे. त्याखाली गेली तर एका टायरला 2,500 पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर दंडाचे तीन पॉइंट. आणि पास झाल्याचा कागद दाखवून सुटका होत नाही, कारण तो त्या दिवसापुरता असतो. एक 20 पेन्सचं नाणं घ्या आणि टायरच्या मुख्य खाचेत उभं घाला. नाण्याच्या कडेची पट्टी खाचेत बुडाली तर अजून वेळ आहे, ती वर दिसली तर टायर नीट मोजून घ्यायला हवा. तीन-चार ठिकाणी घालून बघा, आतल्या कडेलासुद्धा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून ठेवलंत की डाव्या चाकाची आतली कड पुढून दिसते, फार वाकावं लागणार नाही. टेस्टरने आतली कड जास्त झिजली आहे असं लिहिलं आहे. नुसता टायर बदलून हे थांबणार नाही, व्हील अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवून घेणं) करून घ्या, नाहीतर नवा टायरही तसाच खाल्ला जाईल. पुढचे दोन्ही टायर एकदम बदला. पैसे मी पाठवते, यावर वाद घालू नका. पावसात ओल्या रस्त्यावर झिजलेल्या टायरची गाडी थांबायला जास्त अंतर घेते, आणि लेस्टरला पाऊस काही पाहुणा म्हणून येत नाही.

दुसरी गोष्ट, मागच्या ब्रेकच्या पाइपावरचा गंज. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीच्या पोटाखाली उडून बसतं आणि लोखंड खातं. पाइपाच्या जाडीचा तिसरा हिस्सा गेला की गाडी नापास. आपला पाइप अजून तिथवर गेलेला नाही, म्हणूनच तो ॲडव्हायझरीत आहे. पण ब्रेकचं तेल त्यातूनच जातं, म्हणून पहिली थंडी पडायच्या आत हे करून घ्या. दुसऱ्या गॅरेजला नेऊन, गाडी लिफ्टवर असताना, तो पाइप तुम्ही स्वतः बघा. “दाखवा” म्हणायला लाजू नका.

राहिल्या ब्रेकच्या डिस्क. इथे मला तुमचं खास लक्ष हवं आहे. सरकारच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घातला की जुन्या सगळ्या एमओटी दिसतात, मैलांच्या आकड्यांसकट. मी आपल्या गाडीचा इतिहास काढून बघितला. “पुढच्या डिस्क झिजलेल्या, पण फारशा कमकुवत झालेल्या नाहीत” हे वाक्य गेल्या वर्षीही आहे आणि त्याच्या आधीच्या वर्षीही. दरवर्षी गाडी चालते तीन हजार मैलांच्या आसपास. शेरा तोच, पुढे सरकलेला नाही. पॅड बदलायची वेळ येईल तेव्हा डिस्कचं बघू. नुसत्या एका वर्षाच्या कागदाकडे बघून भीती वाटते, दोन-तीन वर्षांचे शेजारी ठेवले की कुठली गोष्ट वाढते आहे ते कळतं. ब्रेक पाइपाचा शेरा यंदा पहिल्यांदाच आला आहे, म्हणून मी त्याच्या मागे लागले आहे.

तेलाचा किंचित पाझर म्हटलं आहे, त्यासाठी डिपस्टिक आठवड्याला बघत जा आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. डाग पडला तर फोटो पाठवा. आणि “खालच्या आवरणामुळे काही भाग दिसले नाहीत” हा दोषच नाही. टेस्टरला काही उघडून बघायची परवानगी नसते, म्हणून तो तसं नोंदवून ठेवतो.

सांगलीच्या काकांना सांगा, आपल्याकडची पीयूसी फक्त धुरापुरती असते, ही तपासणी ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीटचे पट्टे, दिवे सगळं बघते. पण इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची हालत ही तपासणी बघत नाही. त्यामुळे वर्षाची सर्व्हिसिंग वेगळी करावीच लागते, एमओटी झाली म्हणून ती टाळायची नाही.

आई, तू बाबांना उद्या गाडी काढायला लाव. जवळपासच, भाजीला आणि तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्यापुरती. मोटरवेवर मात्र टायर बदलल्याशिवाय नको, आणि माझ्याकडे यायचं असेल तर त्यानंतरच निघा. दुसऱ्या गॅरेजची वेळ ठरली की मला कळव, मी त्या वेळी फोनवर राहीन. काम काय काय करणार ते लिहून घ्या, किंमत आधी ठरवा, आणि जुना टायर व पाइप बघायला मागा.

तुमची,
मनू

ता. क. : पुढच्या वर्षीची एमओटी मुदत संपायच्या महिनाभर, एक दिवस कमी, आधी केली तरी तारीख तीच राहते. बाबा, तेवढं कॅलेंडरवर लिहून ठेवा.