विषय: कॅम्परमध्ये डीसी-डीसी चार्जरऐवजी साधा रिले बसवल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझ्या पिकअपवर आपण कॅम्पर केबिन बसवून दिली. बिलात ‘30 अँपिअर डीसी-डीसी चार्जर’ (गाडी चालू असताना केबिनची बॅटरी नीट भरणारं यंत्र) असं स्वच्छ लिहिलंय आणि त्याचे पैसेही घेतलेत. प्रत्यक्षात सीटमागे निघाला साधा रिले, म्हणजे पुढची आणि केबिनची बॅटरी नुसती जोडणारा स्विच.

फोंडा घाटातून मालवणला गेलो. चार तास इंजिन चालू होतं. सांगितलेला चार्जर असता तर केबिनमधली 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी एवढ्यात जवळपास भरली असती. इथे मध्यरात्रीच फ्रीज बंद. सकाळी मटण फेकावं लागलं. कोल्हापूरच्या माणसाला मटण फेकताना काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको.

परत आल्यावर उद्यमनगरात वायरमनला गाडी दाखवली. त्याने मीटर लावला: पुढच्या (गाडीच्या) बॅटरीवर 14.2 व्होल्ट, केबिनच्या बॅटरीवर 13.3. करंट 25 अँपिअर. वायर फक्त 6 चौरस मिमीची, जाऊन-येऊन 12 मीटर. जवळपास एक व्होल्ट वाटेतच जिरतो. थोड्या वेळाने पुढची बॅटरी भरली, तसा गाडीच्या कॉम्प्युटरने अल्टरनेटरचा (इंजिनवर चालणाऱ्या जनरेटरचा) व्होल्टेज 13 च्या खाली आणला आणि मागचं चार्जिंग संपलं. बीएस-6 गाड्यांमध्ये असे अल्टरनेटर सर्रास असतात. म्हणून तर मधे डीसी-डीसी चार्जर लागतो: पुढून कमी व्होल्टेज आला तरी तो वाढवून मागे 14.4 देतो, आणि रिकामी लिथियम बॅटरी वाट्टेल तेवढा करंट ओढून अल्टरनेटर तापवणार नाही, हेही तोच बघतो. केबिन बांधणाऱ्या कंपनीला हे ग्राहकाने सांगावं लागतंय!

आणखी एक, आणि हे जास्त गंभीर. पुढच्या बॅटरीकडे फ्यूजच नाही. वायर सायलेन्सरजवळून नेऊन प्लास्टिकच्या टायने बांधलीय, तिथलं आवरण मऊ पडून चकाकतंय. उद्या ती चासीला टेकली तर आग लागेल. फोटो सोबत जोडले आहेत.

फोनवर आपल्या माणसाने सल्ला दिला, “गाडी जास्त चालवा.” डिझेल कंपनी भरणार आहे का?

बिलात लिहिलेला चार्जर, 25 चौरस मिमीची तांब्याची वायर आणि दोन्ही टोकांना फ्यूज, एवढं काम कोल्हापुरात येऊन विनामूल्य करून द्यावं. जमत नसेल तर चार्जर आणि वायरिंगची रक्कम परत करावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. बिल आणि वायरमनचा लेखी अहवाल तयार आहे.

आपला ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर