छापखानावाल्या अण्णांना, जांभळ्या रंगाबद्दल

अण्णा,

समोर येऊन बोलले असते तर "असू दे की ताई, त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही चहा सांगितला असता आणि विषय तिथंच मिटला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरच्या फुलांच्या पुस्तकात चित्रं माझी, मजकूरही माझा. पण लोक ज्या पानावर थांबतात, त्या सीतेच्या आसवांच्या पानाचं श्रेय तुमचं.

सीतेची आसवं हे फूल जेमतेम नखाएवढं. पाऊस सरत आला की पठारावरच्या जांभ्या दगडावर जिथं पाणी साचून राहतं, तिथं त्याचे ताटवे उठतात. दिसायला नाजूक, पण झाड मांसाहारी! ओल्या मातीत शिरलेल्या धाग्यांवर बारीक फुगे असतात, त्यांत ते सूक्ष्म जीव ओढून घेऊन पचवतं. तिथल्या मातीत कस नाही, मग ते तरी काय करणार? आणि रंग असा, की निळा म्हणावा तर जांभळा वाटतो.

छपाईत हाच रंग दगा देतो. निळी आणि किरमिजी शाई एकावर एक बसून जांभळा तयार होतो, त्यात किरमिजी जराशी कमी पडली की फूल सरळ निळं. त्यात मला चकचकीत कागद नको होता. साधा कागद शाई पितो, शाईचे ठिपके फुगतात, रंग मळतो. आधी जिथं गेले होते तिथं "एवढं चालतंय" म्हणाले होते. तुम्ही मात्र प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, भिंगाखाली धरलंत, माझं चित्र बघितलंत आणि विचारलंत, "खरं फूल कसलं असतंय?"

रविवारी प्रूफ गुंडाळून बुलेटवरून तुम्ही पठारावर हजर! ओल्या कातळावर पालथे पडलात, कागद फुलाशेजारी धरलात. "उन्हात येगळा दिसतोय, ढगात येगळा. कुठला धरायचा?" चित्रकार असून मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आपण ढगातला धरला, कारण त्या दिवसांत पठारावर आभाळच जास्त.

आपल्या कोल्हापुरात निसर्गचित्रांचा विषय निघाला की आबालाल रहिमान, चंद्रकांत मांडरे ही नावं येतात, यायलाच हवीत. राजारामपुरीत मांडऱ्यांचं संग्रहालय आहे, पण तिथवर जाऊन मूळ चित्रं बघणारे कितीसे? बाकीच्यांच्या हातात पडतं ते छापलेलं चित्र. ते तुमच्यासारख्याच्या डोळ्यावर अवलंबून, आणि पुस्तकात तुमचं नाव कुठं, तर शेवटच्या पानावर बारीक टायपात. पुढच्या आवृत्तीत ते चित्रकाराच्या नावाखाली येईल, नको म्हणू नका.

आणि एक. प्लेटा पुन्हा केल्यात, रंग जुळेपर्यंत मशीन थांबवत राहिलात, कागदाची थप्पी वाया गेली. बिलात यातलं काहीच दिसत नाही. ते लावून नवीन बिल पाठवा. तोवर जुन्याचे पैसे मी देणार नाही.

तुमची,
फुलंवाली ताई