सच्या, जनरेटर घेण्याआधी हे वाच

प्रिय सच्या,

तुझा मेसेज कालच वाचला, पण व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करण्याएवढं छोटं नाहीये हे म्हणून सरळ पत्रच लिहितोय. काका-काकूंसाठी जनरेटर घेतोयस ते बेस्टच, पण दुकानदार 2 केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरची ताकद) गळ्यात मारत असेल तर पैसे देऊ नकोस अजून. तू पंखे किती चालतील, टीव्ही चालेल का सगळं विचारलंयस, आणि विहिरीच्या पंपाचं नावच नाही त्यात!

निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी तू पुण्यात अडकला होतास, लॉकडाऊन होता, त्यामुळे तू फक्त फोटो बघितलेस. 3 जून 2020 ला दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आत घुसलं, ताशी 110-120 किलोमीटरचा वारा, आणि वारा थांबल्यावर बाहेर येऊन बघतो तर पोफळीच्या बागा आडव्या, माड तारांवर, तारा रस्त्यावर, खांब मधूनच मोडलेले. पुढे कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. पण अंधाराचं काही वाटत नाही रे, कोकणात अंधाराची सवय असतेच, खरी बोंब झाली पाण्याची. विहिरी भरलेल्या आणि घरात प्यायला पाणी नाही, कारण पंप आल्यावर रहाट सगळ्यांनीच काढून टाकलेत, तुमचा तर काकांनी कधीच मोडीत काढला. म्हातारी माणसं कळशीला दोरी बांधून पाणी शेंदत होती.

म्हणून सांगतो, जनरेटर पाण्यासाठी घ्यायचा, बाकी सगळं नंतर. 1 एचपीचा पंप म्हणजे कागदावर 746 वॅट, प्रत्यक्षात हजाराच्या वर ओढतो, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या तिप्पट-चौपट करंट मागतो. तिथेच 2 केव्हीएवाला गुदमरून बंद पडतो. 3 केव्हीएच्या वरचाच बघ. आणि सेल्फ स्टार्टवाला घे, दोरी ओढणं काकांच्या खांद्याला झेपणार नाही, थंड इंजिन चोक देऊनही दोन-चार झटके खातंच.

दिवसभर चालवायचा नसतो हा. ताशी साधारण लिटरभर पेट्रोल जातं आणि वादळानंतर पेट्रोल पंपावर रांगा, त्यात कॅनमध्ये द्यायला कुरकुर करतात. आमच्याकडे सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ असा लावायचो. आधी एकटा पंप, टाकी भरली की पंप बंद, मग फ्रीज आणि इन्व्हर्टर. फ्रीजचं दार उघडलं नाही तर चारेक तास गारवा टिकतो, काकूंचं इन्सुलिन आहे म्हणून हे लक्षात ठेव (फ्रीजरमधल्या सुरमईचा मोह सोड). इन्व्हर्टर कधीकधी जनरेटरची लाइट घेतच नाही, व्होल्टेज वरखाली होतं ना, तेव्हा मागचं बटण यूपीएसवरून नॉर्मलवर टाकायचं, बहुतेक वेळा घेतो. मग रात्रभर दिवे-पंखे इन्व्हर्टरवर, जनरेटर गप्प, शेजारीपाजारी झोपतात. तसंही अंधाऱ्या वाडीत तो आवाज चालू झाला की सगळे मोबाइल घेऊन येणारच, मल्टीबोर्ड लावून ठेव, आणि एक लांब पाइप पण, कुंपणापलीकडे पाणी द्यायला. त्याबाबतीत काकूंना सांगावं लागणार नाही म्हणा.

आता दोन गोष्टी मात्र नीट ऐक. पहिली, पाऊस लागतो म्हणून काका तो पडवीत ठेवतील, शंभर टक्के ठेवतील. ठेवू द्यायचा नाही. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो, खिडकी उघडी असली तरी. घरापासून निदान 20 फूट लांब, मागे आगरात छोटा ओटा बांध, वर पत्रा, बाजू उघड्या, सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला. पावसाळी झड नैर्ऋत्येकडून येते, पत्रा त्या बाजूला खाली उतरता ठेव. भर वादळात तो लावायचाच नाही, वारा पडेपर्यंत इन्व्हर्टरवर काढायचं. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, गार झाल्यावरच.

दुसरी गोष्ट चेंज-ओव्हर स्विच. लोक काय करतात, दोन्हीकडे पिना असलेली वायर करून जनरेटरची लाइट सरळ घरातल्या सॉकेटमध्ये घुसवतात. मेन स्विच चालू राहिला तर ती उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढते आणि तुझ्या 230 व्होल्टचे पलीकडे 11,000 व्होल्ट होतात. त्या वेळी खांबावर वायरमन असतो रे. निसर्गनंतर बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली पोरं भर पावसात खांबांवर चढत होती, मेलेली लाइन समजून हात घालणार ती. चेंज-ओव्हर स्विच असला की एकतर मेन नाहीतर जनरेटर, दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घे, अर्थिंगसकट, तिथे पैसे वाचवू नकोस.

वादळ नसताना पण महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं लोडवर, म्हणजे काहीतरी जोडून, चालव, ऑइल बघ. नंतर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेव, नाहीतर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल चिकट होऊन बसतं आणि ऐन वेळी मशीन हूं की चूं करत नाही. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाणी पण सुटतं, कॅन भरून फार दिवस ठेवू नकोस.

मे मध्ये येशील तेव्हा बसवून घेऊ, मी ओट्यासाठी गवंड्याला सांगून ठेवतो. आणि चालवायला काकूंनाच शिकव, काका पडवीचा हट्ट सोडणार नाहीत.

तुझा,
बाळ्या