कथा तपासणाऱ्या ॲपबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: कथालेखनाचे चुकीचे गुणांकन आणि वर्गणीचा परतावा

महोदय,

मी कोल्हापुरात आठवी-नववीच्या मुलांचे मराठी लेखनाचे वर्ग घेते. ‘शिक्षकासारखी कथेची तपासणी’ ही आपली जाहिरात वाचून ॲपची वर्षाची वर्गणी भरली.

वर्गातल्या एका मुलीने 2019 च्या महापुरावर कथा लिहिली. पंचगंगेचं पाणी गोठ्यात शिरलंय, बोट दारात आलीय आणि आजी म्हणते, “म्हशीचं दावं सोडल्याबिगर मी न्हाई यायची.” भिजून घट्ट बसलेली गाठ हाताने सुटेना, तेव्हा आजी दात लावते. तिथेच कथा संपते. वाचून मी काही वेळ गप्पच होते. आपल्या ॲपने मात्र ‘बिगर’, ‘न्हाई’ला लाल रेघ मारली, शेवट ‘अपूर्ण’ ठरवला आणि 20 पैकी 9 गुण दिले. पात्राचं बोलणं कुठलं आणि लेखिकेचं निवेदन कुठलं, एवढंही त्याला उमगत नाही.

मुलीने कथा पुन्हा लिहिली. आता आजी पुस्तकी मराठी बोलते, शेवटी तात्पर्य आहे. गुण 15! पोरीने स्वतःच्या आजीची बोली खोडली, याचा मला सर्वांत जास्त संताप आहे.

नंतर मी एकच परिच्छेद तीनदा चिकटवून पाहिला. गुण वाढले. म्हणजे हे यंत्र लांबी मोजतंय. हा दोष जुनाच आहे: 1966 च्या सुमारास अमेरिकेत एलिस पेज या संशोधकाने संगणकाकडून निबंध तपासून घ्यायला सुरुवात केली, तेव्हाही लांबी, स्वल्पविराम अशा वरवरच्या खुणांवरच गुण बेतलेले होते. 2014 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले लेखनतज्ज्ञ लेस पेरेलमन आणि काही विद्यार्थ्यांनी निरर्थक निबंध तयार करणारा प्रोग्रॅमच बनवला. त्या निबंधांना यंत्राने भरघोस गुण दिले. हे सगळं जगजाहीर असताना आपण ‘शिक्षकासारखी’ हा शब्द वापरता कसा?

शुद्धलेखनाच्या चुका दाखवायला ॲप ठीक आहे, तेवढंच विका. माझी उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करावी, गुण कशावरून दिले जातात ते मराठीत लेखी कळवावे आणि शिक्षकाने पाहिल्याशिवाय मुलांना गुणांचा आकडा दिसणार नाही अशी सोय करावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत: दोन्ही कथा व ॲपचे अहवाल, वर्गणीची पावती

आपली,
एक ग्राहक व शिक्षिका
कोल्हापूर