भिंत उंच करण्याआधी

पुणे, रविवार

प्रिय सुधीर,

सोसायटीचा सेक्रेटरी झालास, आता भोग! तुझे प्रश्न दोनच: कंपाउंडची भिंत दहा फूट करावी का, आणि आठ कॅमेऱ्यांचे सोळा करावेत का.

भिंतीत पैसे घालू नकोस. बंद फ्लॅट हेरणाऱ्याला भिंत चढावी लागत नाही. पाठीला डिलिव्हरीची बॅग असली की वॉचमन स्वतःच गेट उघडतो. वर भिंत उंच झाली की तळमजल्यावरून रस्ता दिसेनासा होतो, म्हणजे रस्त्यावर लक्ष ठेवणारं उरलंसुरलं कोणी राहत नाही.

कॅमेऱ्यांचा हिशोब मात्र नीट मांड. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा दोन एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला दोन मेगाबिट साठवत, दिवसाला साधारण २१.६ जीबी खातो. सोळांचे रोज ३४५ जीबी होतात, आणि ४ टीबीची डिस्क बारा दिवसांच्या आत भरून जुनं पुसायला लागते. दिवाळीला गावी गेलेलं कुटुंब पंधराव्या दिवशी परततं, कडीकोयंडा उचकटलेला दिसतो, आणि फुटेज तेवढं नसतं. त्यापेक्षा आठच ठेव आणि सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेली ६ टीबीची डिस्क घाल, महिना निघतो. गेटवरचा कॅमेरा उंच खांबावरून काढून खाली, कडेला लाव आणि शटर जलद ठेव, म्हणजे प्रत्येक चित्र क्षणार्धात टिपलं जाईल, नाहीतर रात्री हेडलाइटच्या झोतात नंबरप्लेट नुसती पांढरी दिसते. यूपीएस डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याला, देतात आणि कॅमेऱ्यांना विसरतात. वीज गेली की डीव्हीआर इमानदारीत काळा पडदा रेकॉर्ड करतो. डीव्हीआरचं घड्याळही दर महिन्याला जुळव.

आता माणसं. आठ तासांच्या तीन पाळ्या आणि आठवड्याची सुट्टी धरली तर एका गेटला साडेतीन माणसं लागतात, तुझ्या दोन गेटांना सात. एजन्सी चौघांत भागवतो म्हणाली तर समज, बारा तासांची पाळी आणि सुट्टी नाही. असा वॉचमन पहाटे तीनला पेंगणारच, त्याला कशाला बोलायचं? खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखालचा एजन्सीचा परवाना बघ, वॉचमनचं १६० तासांचं प्रशिक्षण झालंय का विचार. आणि त्याला पंखा नि संडास दे रे.

कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासणं आधी बंद कर. कुठला फ्लॅट बंद आहे, जिन्यात नवं कोण घुटमळतंय, हे सगळ्यांत आधी त्यांना कळतं. रोज पिशवी उपसणाऱ्याला त्या ते कशाला सांगतील?

भाडेकरूंचं थोडक्यात: करार नोंदवलेला हवा आणि पोलिसांना माहिती दिल्याची प्रत ऑफिसात हवी. दोन्ही कामं घरमालकाची.

खरी भीती गेटच्या बाहेर, अंधाऱ्या रस्त्यावर आहे. तुमची वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली, पण इमारती त्याआधीच उठल्या होत्या. नगर रस्त्यापासून तुमच्या गेटपर्यंतचा रस्ता बिल्डरने पालिकेच्या ताब्यात दिलाय का, हे कागदावर बघ. दिला नसेल तर रस्त्यावरच्या दिव्यासाठी कितीही अर्ज कर, फाइल हलायची नाही. तोवर भिंतीच्या पैशातून बाहेरच्या बाजूला पन्नास वॅटचे एलईडी लाव, चार-पाच मीटर उंचीवर, तोंड खाली करून. समोर रोखलेस तर येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि मागे उभा असलेला दिसत नाही. ताबा दिलेला असेल तर तक्रारीत खांबाचा नंबर घाल. ‘आमच्या गल्लीत अंधार’ एवढ्यावर कोणी येत नाही.

मीटिंगच्या आदल्या रात्री दहाला बसथांब्यापासून गेटपर्यंत चालत ये. वहिनींनाही घेऊन जा. कुठे पाऊल भरभर पडतं ते त्या बरोबर सांगतील. दिवा बंद असलेल्या खांबांचे नंबर मला पाठव, अर्जाचा मसुदा करून देतो.

तुझा,
अविनाश