‘वऱ्हाड’ नीट टाइप करायला शिकवणाऱ्या भाऊंना

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

आम्ही तालुक्यातले सेवा केंद्रचालक आणि ग्रामपंचायतींचे ऑपरेटर मिळून हे पत्र लिहितो आहोत. तोंडी आभार मानून झाले. तरी तुम्ही शिकवलेलं सविस्तर लिहून जाहीर करावं असं ठरलं, म्हणजे दुसऱ्या तालुक्यातल्या कुणाच्या मनगटालाही त्याचा उपयोग होईल.

सगळ्यात आधी आभार यासाठी, की तुम्ही आम्हाला कीबोर्ड विकत घेऊ दिला नाही. मनगट दुखायला लागलं की जो तो दोन तुकड्यांचा कीबोर्ड मागवायला निघतो. तुम्ही टेप काढून टेबल मोजायला लावलं. टेबल ७५ सेंटिमीटर, प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक जेमतेम ४२. एवढ्या फरकात कोपर कीबोर्डच्या खाली राहतं, खांदे वर चढतात आणि मनगट मागे मोडतं. खुर्चीवर गोधडीची घडी ठेवून कोपर बटणांच्या किंचित वर येईल इतकं उंच बसायचं. मग पाय लोंबकळतात, म्हणून खाली पाट किंवा दोन विटा. कीबोर्डचे मागचे दोन छोटे पाय उघडायचे नाहीत, त्यांनी मनगट आणखी मागे वळतं. सनमायकाच्या धारेवर सुती कापडाची वळी. एवढ्यावर बऱ्याच जणांचं दुखणं उतरलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील तर मनगटातली नस दबते आहे, करंगळीला मुंग्या येत असतील तर कोपराजवळची, आणि दोन्हींत डॉक्टरकडे जायला उशीर करायचा नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत.

त्यानंतर लेआउट, म्हणजे कोणत्या बटणावर कोणतं अक्षर याची मांडणी. आमच्यातले निम्मे जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन लेआउटवर कृतिदेव या फॉन्टात टाइप करणारे. तो मजकूर ऑनलाइन अर्जात चिकटवला की वेड्यावाकड्या खुणा उमटतात, कारण कृतिदेवात खरी देवनागरी अक्षरं नसतात. इंग्रजी अक्षरांना मराठी चेहरा लावलेला असतो. तुम्ही इनस्क्रिप्टकडे वळवलंत. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेला आणि १९९१ च्या भारतीय मानकात आलेला हा लेआउट विंडोजमध्ये आधीच असतो. भाषांमध्ये मराठी जोडायची, विंडोज आणि स्पेस दाबून बदलायची. फक्त यादीत ‘मराठी फोनेटिक’ही दिसतो, तो निवडायचा नाही.

इनस्क्रिप्टचा फायदा तुम्ही आपल्याच पिकांवर दाखवलात. ‘कापूस’ म्हणजे के, ई, एच, टी, एम. उजवा हात, डावा, उजवा, डावा, उजवा. ‘संत्रा’ म्हणजे एम, एक्स, एल, डी, जे, ई, पुन्हा तसंच आलटून पालटून. काना, मात्रा, वेलांटी, उकार डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे, त्यामुळे एक हात दाबत असतो तेव्हा दुसरा पुढच्या बटणावर पोचलेला असतो. म, न, व मात्र डाव्या हातात येतात. उणीवही तुम्ही लपवली नाही. काना, अक्षराचा पाय मोडायचं (हलन्ताचं) बटण आणि म ही तिन्ही डाव्या हाताच्या मधल्या बोटावर आहेत, म्हणून ते बोट आधी थकतं. बटण आपटायचं नाही, हलकं दाबायचं, हा त्यावरचा इलाज.

रेमिंग्टनची सवय कुठे आडवी येते तेही आधीच सांगून ठेवलंत. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबतात, इथे नंतर. जुन्या सवयीने ‘गणित’चं ‘गिणत’ होतं आणि ‘शनिवार’चा ‘शिनवार’. रफार तिथे नंतर, इथे र आणि पायमोड आधी. ‘कर्ज’ म्हणजे के, जे, डी, पी. चुकलं की ‘कर्जमाफी’चा रफार म वर जाऊन बसतो.

आणि आता ज्या एका बटणासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं ते. आपल्या मुलखाचं नावच लोक चुकीचं टाइप करत होते. साधा र, पायमोड आणि ह दिला की ‘वर्हाड’ होतं, ह च्या डोक्यावर रफार. बरोबर क्रम असा: बी, शिफ्ट-जे, डी, यू, ई आणि ड साठी चौकटी कंसाचं बटण. शिफ्ट-जे वर ऱ आहे, त्याचा पाय मोडला की चंद्रकोरीसारखा र येतो. ‘पऱ्हाटी’ तशीच, ‘शेतकऱ्याचे’ही तसंच. शोधतानाही याने फरक पडतो. एका ऑपरेटरने ‘पऱ्हाटे’ ऱ ने लिहिलं आणि दुसऱ्याने साध्या र ने, तर संगणकाला ती दोन वेगळी आडनावं वाटतात आणि यादीत माणूस सापडत नाही. तुमच्यामुळे आता ही चूक आम्हाला दुसऱ्याच्या कागदावरही लगेच दिसते.

सराव रोज सकाळी वीस मिनिटं. पहिले तीन दिवस फक्त प, र, क, त, च, ट. मग डाव्या हाताच्या खुणा, मग शिफ्टची अक्षरं. बटणांवर स्टिकर लावायचे नाहीत, कारण नजर खाली जाते आणि बोटं शिकत नाहीत. कोणतं अक्षर कुठे ते दाखवणारा तक्ता स्क्रीनच्या कडेला लावायचा. विम्याची मुदत संपत आलेल्या आठवड्यात नवा लेआउट धरायचा नाही. काही पोर्टलच्या खणात इंग्रजीचं मराठी आपोआप होतं, तिथे ती सोय आधी बंद करायची, नाहीतर दोन्ही एकमेकांत घोळ घालतात.

कीबोर्डची पाळी शेवटी आली आणि तेव्हा तुमचं ज्ञान खरं कामी आलं. दोन तुकड्यांच्या कीबोर्डने हात खांद्याइतके दूर ठेवता येतात, मनगट बाहेर वळत नाही, हे खरं. पण ४२ बटणांच्या छोट्या मॉडेलवर चौकटी कंस पहिल्या थरात नसतो, तो दुसरं बटण धरूनच मिळतो, म्हणजे प्रत्येक ड ला दोन बटणं. मराठीसाठी साठच्या आसपास बटणं हवीत आणि उजव्या करंगळीकडचा रकाना पूर्ण हवा. व च्या बटणाला उजव्या बोटाची सवय असेल तर ते आता डाव्या तुकड्यात गेलेलं असतं, तिथे आठवडाभर अडखळायला होतं.

इंग्रजीसाठी २००६ चा कोलमॅक हा लेआउट घ्यावा का, यावरचं तुमचं उत्तर आम्ही तक्त्याखाली लिहून ठेवलं आहे: घ्यायचा असेल तर संगणकात बसवा, कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्राममध्ये, नको. फर्मवेअरमध्ये बदल केला की के च्या जागेवरून ई जातो आणि मराठीत क ऐवजी काना उमटतो, अख्खा इनस्क्रिप्ट विस्कटतो. मात्र दिवसभर इंग्रजी लिहिणाऱ्यानेच त्या फंदात पडावं, हे तुमचं मत आम्हालाही पटलं.

तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याकडच्या मंडळींचा खास निरोप आहे. तेलुगूचा क ही त्याच बटणावर असतो हे तुम्ही दाखवल्यापासून दोन्ही भाषांतली नावं ते त्याच बोटांनी लिहितात.

तक्त्याच्या नव्या प्रती काढून लॅमिनेट केल्या आहेत. शिफ्ट-जे वरचा ऱ लाल शाईत घेतला आहे. पहिली प्रत तुमच्यासाठी राखून ठेवली आहे, या बाजूला आलात की घेऊन जा.

तुमचे,
तालुक्यातले केंद्रचालक आणि ऑपरेटर